नायकाचा गूळ

हिंगोली तेव्हा नवीनच जिल्हा झाली होती आणि कोर्टासमोर माझी चहाची टपरी होती. तिथं एका बंजारा तांड्याचा म्हातारा नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, दर तारखेला यायचा. त्याच्या तांड्यातल्या दोन चुलतभावांचा शेताच्या बांधावरून दावा चालला होता. पूर्वी असली भांडणं त्याच्याच ओट्यावर, सगळ्या तांड्यादेखत मिटायची. मिटलं की दोघांनी एकमेकांना गूळ भरवायचा, ही त्यांची रीत. म्हणून लाल पटका नीट बांधून, धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा घेऊन तो माझ्या बाकड्यावर बसून राहायचा.

"नायक, तुमी आत काहून जात न्हाई?" एकदा मी विचारलं.

"त्या बांधाचा दगड म्या रोवला, त्यायच्या बापायसमोर. पन मला कोन इचारते? ते दोघं बी गप हायत. वकील बोलून राहिले."

निकालाच्या दिवशी दोघे भाऊ बाहेर आले आणि दोन दिशांना निघून गेले. नायक सोगा मुठीत धरून उभाच होता.

"लागला का निकाल?"

"लागला. मिटलं न्हाई."

गूळ माझ्या हातावर ठेवून तो म्हणाला, "चहात टाक." आणि चहा न घेताच गेला.

पुन्हा तो दिसला नाही. त्या तांड्याची माणसं मात्र कोर्टात वाढत गेली, आणि माझा धंदाही.