शेजाऱ्याच्या घोडीचा विमा

माझ्या टांग्याची घोडी पोटदुखीने मेली. खर्चाच्या भीतीने मी जनावरांचा डॉक्टर बोलावला नव्हता. पुढच्या वर्षी सदर नावाच्या आमच्या वस्तीतल्या माझ्या शेजाऱ्याने, एका कापड व्यापाऱ्याने, आपल्या घोडीचा विमा उतरवला. दसऱ्याला त्याने घोडीबरोबर विम्याच्या कागदालाही कुंकू लावले. मी जळलो.

दिवाळीआधी त्याची घोडीही पोटदुखीने लोळू लागली. मला इंग्रजी येते म्हणून त्याने कागद माझ्यापुढे धरला.

“सांगा ना गा भाऊ, डॉक्टरचा खर्च कंपनी देते ना?”

“नाही. घोडी मेली तरच पैसे.” हे सांगताना मला बरे वाटले.

“मंग काय मरू देऊ तिले?” असे म्हणून तो डॉक्टर आणायला धावला.

घोडी वाचली. पुढच्या दसऱ्याला त्याने फक्त तिलाच कुंकू लावले. मी माझ्या रिकाम्या तबेल्यातून पाहत होतो. आता हेवा कागदाचा नव्हता.