आप्पांना ऐकू येणारी गिटार

माझे वडील, आप्पा, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि संध्याकाळी विहारात गायचे. सत्तरीकडे झुकले तसे बारीक, उंच आवाज त्यांना ऐकू येईनात. कानाला यंत्र लावलं की पेटी पत्र्यासारखी वाजते म्हणायचे. एकदा गाता गाता ते भलत्याच सुरात गेले. त्या दिवसापासून आप्पा ऐकणाऱ्यांत जाऊन बसायला लागले.

मी बेळगावला नोकरी करते. कॉलेजात मैत्रिणीची खर्जात घुमणारी बास गिटार वाजवायचे, पुढं ते सुटलं. यंदा पुन्हा वाजवावंसं वाटलं. ॲम्प्लिफायरची भानगड नको, नुसती मांडीवर घेऊन वाजवता यावी, म्हणून अकूस्टिक बास बघायला निघाले. आप्पा डोळे तपासायला आलते, त्यांनाही दुकानात नेलं.

परवडणाऱ्या दोनच होत्या. एक चकचकीत, पातळ अंगाची, आत स्पीकरला जोडायचा पिकअप बसवलेली. दुसरी साधी, मोठ्या पोटाची, पॉलिशवर लांब ओरखडा. माझं मन पहिलीवर बसलं होतं. दुसरी सहज म्हणून छेडली, तर स्टुलावरचे आप्पा उठून जवळ आले आणि त्यांनी तिच्या पोटावर तळवा टेकवला.

"परत वाजीव गं."

मी सर्वांत जाड तार पुन्हा वाजवली.

"ह्यो सूर मला येतोय."

"ऐकू येतोय व्हय, आप्पा?"

"कानात येतोय, हातातबी येतोय. हीच घे."

दुकानदार म्हणाला, "अण्णा, हिला पिकअप न्हाय. कार्यक्रमात आवाज मागंपर्यंत पोचायचा न्हाय."

"मला पोचला की," आप्पा म्हणाले. आम्ही तीच घेतली.

पुढच्या रविवारी दुपारी निपाणीच्या घरात रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. आवाज घुमू नये म्हणून आईनं खोलीत दोरी बांधून वाकळा टाकल्या. गिटारीच्या भोकासमोर माइक ठेवला तर नुसतं घूं घूं यायला लागलं. सरकवत सरकवत गिटारीची मान पोटाला मिळते तिथं आणला, तेव्हा सूर स्वच्छ आला. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मी आप्पांना दुसरा माइक देऊन समोरच्या कोपऱ्यात बसवलं होतं. दुसऱ्याच ओळीला ते घसरले आणि थांबले. त्यांचा चेहरा बघवेना.

मग तेच खुर्ची ओढत माझ्याजवळ आले आणि गुडघा गिटारीला टेकवून बसले.

"आता वाजीव."

या वेळी आप्पा पूर्ण गाणं गायले, एकदाही न चुकता. शेवटच्या कडव्याला आवाज जरा चिरकला, पण सूर हलला नाही. दोन्ही माइकांत दोघांचे आवाज असे मिसळले की वेगळे करणं शक्यच नव्हतं. मी तसेच ठेवले. आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. "लई दिसांनी," एवढंच म्हणाली.

विहारातल्या पेटीवाल्या काकांना ते रेकॉर्डिंग पाठवलं. तासाभरात त्यांचा फोन आला. आप्पांना फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून मीच घेतला.

"त्यास्नी म्हणावं, पौर्णिमेला या. आन् तू तुझं त्ये मोठं गिटार घिऊन ये."

मी निरोप सांगितला. आप्पांनी उठून कपाट उघडलं आणि कार्यक्रमाला घालायचा पांढरा शर्ट आईपुढं इस्त्रीला टाकला.