वारा फिरला, असं मी सांगितलं

आमच्या घरात शरद ऋतू कानाने ओळखला जायचा, आणि तो ओळखणारी मी. बाकीचे लोक नवरात्र कधी बसतंय ते बघतात, माझा नवरा मोबाइल बघतो. मी गॅलरीत जाऊन ऐकायचे. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे. वीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते, तेव्हा थोडी फुशारकी माझ्या हक्काचीच होती.

त्याचं असं आहे. आम्ही भिवंडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला, आणि तिकडे दोन गल्ल्या सोडून लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेड. गॅलरी पूर्वेला, आणि तिकडे रस्त्यापलीकडे, बऱ्याच लांब, दुसऱ्या शेड. जूनपासून वारा खाडीकडून येतो, त्यामुळे पावसाळाभर पश्चिमेच्या लूमची खडखड माझ्या कुकरच्या शिट्टीलाही दाद देत नाही. आश्विनात वारा फिरला की स्वयंपाकघर एकदम शांत होतं आणि गॅलरीत पूर्वेचे लूम ऐकू यायला लागतात. मी शाळेत शिक्षिका होते. सहामाहीचे पेपर गॅलरीत बसून तपासायची सवय, म्हणून हे माझ्या लक्षात आलं. दोन-तीन वर्षं पडताळून पाहिलं. पूर्वेचे लूम ऐकू आले की पाऊस गेला. मग ऊन पांढरं होतं, दुपारी अंगाची लाही होते, आणि पहाटे मात्र पायांवर चादर ओढावीशी वाटते.

पहिल्यांदा सगळे हसले. नवरा म्हणाला, "हवामान खात्याला कळव, तुझे कान मागवून घेतील." माझं माहेर दिघाशीचं. तिकडे भाऊ भाताच्या बांधावर उभा राहून फोनवर म्हणाला, "तुझ्या लूमवर भात कापाचा न्हाय मना." न कापू दे. पण आमच्या बिल्डिंगीतल्या बायका माझं ऐकून गोधड्या धुवायला काढायच्या, आणि शाळेतल्या खेळांच्या तारखासुद्धा मला विचारून ठरायच्या. गच्चीवरची ताडपत्री तर माझ्या शब्दाशिवाय निघायचीच नाही. पावसाळ्याआधी आम्ही गच्चीवर बांबू उभे करून निळी ताडपत्री बांधतो, म्हणजे कपडे वाळतात आणि वरच्या मजल्याला गळत नाही. ती उतरवली की बिल्डिंगीचा पावसाळा संपला.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं. शेजार कोकणी मुसलमानांचा, चार पिढ्या इथलेच. मुलीचे वडील लूमवाले. पश्चिमेकडची सगळ्यात जवळची शेड त्यांचीच, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातला जवळजवळ सगळा गोंधळ त्यांच्या कृपेने. मी त्यांना भाई म्हणते, त्यांच्या बायकोला भाभी. मुलगी माझी विद्यार्थिनी. तिच्या वर्गात बडबडीबद्दल सगळ्यात जास्त उभी तीच राहिली असेल, आणि तरी माझी सगळ्यात लाडकी. एकुलती एक. सासर पनवेलला. निकाह हॉलमध्ये होता, पण हळद घरची, आपल्या गच्चीवर.

मुलगी संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, हळद उघड्या आभाळाखाली झाली पाहिजे. चार महिने त्या ताडपत्रीखाली सगळे निळे दिसतात. मी पिवळी होणार की हिरवी?"

"हळद कधी आहे?"

"बारा दिवसांनी. ताडपत्री काढायची का, ते तुम्ही सांगा. अब्बा म्हणाले, बाई सांगतील तसं."

झालं. माझी मान ताठ. त्या दिवसापासून मी पहाटे, दुपारी, दिवेलागणीला गॅलरीत उभी. आणि तिसऱ्याच दिवशी, चहाचा कप हातात असताना, आले ऐकू! पूर्वेचे लूम, अगदी स्वच्छ. स्वयंपाकघरात गेले तर तिकडे चिडीचूप. मी तिथूनच ओरडले, "अहो, वारा फिरला!"

नवऱ्याने मोबाइलवरून डोकं वर काढलं. "यात अजून आठवडाभर पाऊस दाखवतोय."

"त्याला काय कळतंय? तो राहतो का भिवंडीत?"

"आणि मिठाचं काय?" त्याने बरणी पुढे केली. मीठ पाझरून चिखल झालं होतं. हवेत ओल असल्याचा याहून मोठा पुरावा नको, हे मलाही कळत होतं. मी बरणी हिसकावून घेतली आणि म्हटलं, मीठच भिकार आलंय यंदा, दुकानदाराला सांगते. धुतलेल्या चादरीही दोन-दोन दिवस वाळत नव्हत्या. त्याचा दोष मी साबणाला दिला. एकदा हट्टाला पेटले की मी अशीच.

ताडपत्री काढायला भाई स्वतः वर आले. शिडीवर एक माणूस दोऱ्या सोडत होता, भाई खाली टोक धरून उभे. मी पाहणीला.

"बाई, एकच पोरगी हाय," ते म्हणाले. "नक्की ना?"

"नक्की. पूर्वेचे लूम ऐकू यायला लागले."

"आणि आमच्या बाजूचे?"

"ते आता कुठले ऐकू येणार? वारा फिरला की तिकडचं बंदच होतं."

भाई माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली आणि शिडीवरच्या माणसाला म्हणाले, "बाई म्हणतात ना? काढा मग." मला तेव्हा ते लग्नाच्या काळजीत असतील असं वाटलं.

हळदीच्या दिवशी दुपारी कडक ऊन होतं. मी नवऱ्याला दोनदा गॅलरीत बोलावून ते ऊन दाखवलं. चार वाजता गच्चीवर सतरंज्या पडल्या, झेंडूच्या माळा लागल्या, साठेक बायका जमल्या. मुलगी पाटावर बसली. पिवळी साडी, केसांत आबोली, आणि वर हवं होतं तसं निळं, उघडं आभाळ. तिने मला खुणेने आभाळ दाखवलं आणि हसली. भाभींनी पहिली हळद लावली, दुसरा मान मला दिला. मी तिच्या गालाला हळद लावली, तेव्हा ऊन होतं. कपाळाला लावेपर्यंत ते गेलं. वर पाहिलं तर आभाळ काळंकुट्ट, आणि लांबून गडगडाट.

मी मनात म्हटलं, वरून जाईल. कसलं जातंय! पहिला थेंब हळदीच्या वाटीत पडला आणि मग आभाळ फाटलंच. बायका सतरंज्या डोक्यावर घेऊन जिन्याकडे धावल्या. म्हाताऱ्या घसरतायत, पोरं आनंदाने नाचतायत, झेंडूचा चिखल. मुलगी तशीच पाटावर, हळद गालावरून ओघळत साडीवर. मी तिच्या डोक्यावर माझा पदर धरून उभी राहिले. त्या पदराने काय होणार होतं? "माझ्यामुळे झालं गं," मी म्हटलं. मला खरंच रडू यायला लागलं होतं. ती म्हणाली, "बाई, आधी खाली चला."

खाली साठ बायका जिन्यात अडकून उभ्या. घरं आमची दोन-दोन खोल्यांची, कुठे मावणार? अर्धवट हळद टाकून उठणं बरं नाही म्हणून म्हाताऱ्यांची कुजबुज सुरू झाली. भाभींचा चेहरा उतरला. तेवढ्यात भाई भिजत पुढे आले आणि म्हणाले, "आपल्या शेडमध्ये चला."

"शेडमध्ये?" भाभी म्हणाल्या. "लूम चालू, कारागीर, तेल. तिथे कुठे हळद?"

"चालू न्हाय," भाई म्हणाले. "चला तुम्ही."

दोन गल्ल्या आम्ही पळतच गेलो. भाईंनी कुलूप काढलं, दिवे लावले. मी आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. निम्मी शेड मोकळी होती. लूम जिथून उचलून नेले होते तिथे फरशीवर काळे चौकोन उरले होते. बाकीचे लूम कापड झाकून उभे. सगळं झाडून पुसून लख्ख. खिडकीत एक प्लास्टिकची खुर्ची, आणि शेजारी स्टीलचा डबा, धुऊन पालथा घातलेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वारा फिरलाच नव्हता. जवळचे लूम बंद पडले, म्हणून लांबचे ऐकू आले. इतकं साधं! आणि भाईंना ते त्या दिवशी गच्चीवर, दोरी हातात असतानाच कळलं होतं.

बायकांनी त्या काळ्या चौकोनांवर कोरड्या चादरी अंथरल्या. पाट आला, हळद नवी कालवली, आणि कुणीतरी गाणं धरलं. पत्र्याखाली तो आवाज असा घुमला की बाहेरचा पाऊस ऐकू येईना. मुलगी पुन्हा बसली. या बयेला शेडमध्ये मजाच वाटत होती. मी मात्र दाराशी उभ्या असलेल्या भाईंकडे गेले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "मग मला का नाही थांबवलं? मी अशी तोंडघशी पडले ते पडले, पोरीची हळद भिजली."

"थांबवलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं," भाई म्हणाले. "कारागीर गावाला गेले ते आलेच न्हाय, बाई. कापडाला उठाव न्हाय. भाद्रपदात निम्मे लूम विकले, उरलेले दहा दिवसांमागे बंद केले. म्हटलं, पोरगी सासरी जाईपर्यंत घरात कळायला नको. पाऊस न्हाय आला तर बाई खऱ्या. आला तर बघू."

"आणि रोज सकाळी घरातून निघत होतात ते?"

"इथेच येत होतो. झाडू मारायचो, बसायचो, डबा खायचो, पाच वाजता घरी." ते आतल्या बायकांकडे बघून हसले. "चाळीस वर्षं या शेडमध्ये कुणी कुणाशी बोललं न्हाय. आवाजच एवढा, की नुसते हातवारे. आज बघा, गाणं ऐकू येतंय."

मला त्यांचा राग यायला हवा होता. माझी वीस वर्षांची पत त्यांनी पावसात भिजू दिली होती. पण मला राग आला नाही. उलट एवढं बरं वाटलं की विचारू नका. आत मुलीच्या मैत्रिणी तिला कोपरापर्यंत पिवळी करत होत्या, म्हाताऱ्या खुशीत होत्या, आणि माझा नवरा मिठाबद्दल अवाक्षर न काढता सगळ्यांना चहा वाटत होता. पाऊस थांबला तेव्हा हळद पुरी झाली होती. एकही विधी राहिला नाही.

 गाण्यात भाभींनी नुसते ओठ हलवले, पण डोळे फरशीवरच्या चौकोनांवर. मोजत असाव्यात. बायका निघायला लागल्या, मुलीला मैत्रिणी घेऊन गेल्या. भाभी उठल्या. मला वाटलं, आता भडकणार. इतके दिवस नवऱ्याने आपल्याला फसवलं म्हटल्यावर मी तर शेड डोक्यावर घेतली असती. भाई दारात तसेच, मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखे.

भाभी खिडकीपाशी गेल्या. तो डबा त्यांनी उचलला, झाकण लावलं आणि काखेत धरला. भाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून मी डबा भरणार न्हाय. दुपारी घरी जेवायला या. गरम वाढते."