खोडलेला ओटा

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी आपापल्या गावात शोभेल असं घर काढायला सांगतो. राणीसावरगावच्या एका मुलीने दारापुढे लांबलचक ओटा काढला होता. मी लाल पेनाने तो खोडला. म्हणालो, "घराचं तोंड कसं स्वच्छ दिसलं पाहिजे." स्वच्छ, डोंबल माझं! ती काहीतरी सांगू पाहत होती, पण परीक्षकांशी हुज्जत घालायची नाही हे मीच वर्गाला शिकवलेलं. तिने नकाशा गुंडाळून घेतला.

परवा तिच्या घराच्या वास्तुशांतीला गेलो. वडिलांनी तोच नकाशा जसाच्या तसा बांधला होता.

"सरांनी तपासलेला हाय. मिस्त्रीला इंचभर बदल करू दिला न्हाई," ते ज्याला त्याला सांगत होते.

गल्लीत बाकी सगळ्यांच्या ओट्यांवर माणसं ऐसपैस बसलेली. या घराचे पाहुणे तेवढे रस्त्यात उभे. वडिलांनी आतून माझ्यासाठी खुर्ची आणली.

"तुमच्यामुळं लय देखणं झालं, सर."

चूक माझी, हे सांगायला मी तोंड उघडलं. वडिलांच्या मागे उभ्या असलेल्या मुलीने हळूच मान हलवली, नको म्हणून.

मी हुज्जत घातली नाही. खुर्चीत बसलो.