चार दिवसांचा पापी

चर्चच्या कारभाऱ्यानं चपलेच्या टोकानं माझ्या मेलेल्या लेकराला कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर सरकवलं आणि बाहेर येऊन कुलूप घातलं. पदर खोचायला म्हणून मी त्याला क्षणभर खाली टेकवलं होतं.

खटकचिंचोळीजवळचं आमचं गाव. ख्रिस्ती घरं वीसेक. नवरा पुण्याला बांधकामावर, एसटीडीवरून फोन लावला तर लागला नाही. बाळ चौथ्या दिवशी सकाळी गेलं. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, बीदरहून महिन्यातून एकदा यायचे, म्हणून बाप्तिस्मा राहून गेला.

कारभारी जुन्या ख्रिस्ती घराण्यातला. शाळेत मास्तर. कब्रस्तानाची किल्ली त्याच्याकडे. आम्ही त्याच्या लेखी कालचे. मागच्या जन्मी पाप केलंत म्हणून खालच्या जातीत जन्मलात, असं गावचा पाटील सासऱ्यांना म्हणायचा. ते ऐकून ऐकून विटले, तेव्हा त्यांनी येशूला धरलं.

आणि आता हा कारभारी सांगत होता, आदामाचं पाप रक्तातून येतं, पाण्यानं धुतलं नाही तर आत जागा नाही. मी पाया पडले. मग म्हणाला,

"चार लोकांत म्हण, हे पापात जन्मलं, पापात गेलं. मग जागा देतो."

सासू कलबुर्गीकडची, कन्नड बोलणारी. ती ऊर बडवत 'पाप, पाप' करत होती. लेकरू पडलं, रडलं, मेलं की कन्नड बाया असंच म्हणतात. पाप म्हणजे बिचारं. कारभारी हसला.

"बघ, म्हातारी बी पापच म्हणायलीय."

त्याला कन्नड येत होतं. बाजारात तो तिच्याशी कन्नडातच बोलायचा. सगळं कळून बोलला हरामखोर. जमलेल्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं.

"चार दिसांत ह्यानं काय केलं, अण्णा? दूद बी नीट पिलं न्हाई."

त्यानं थोबाडीत मारली. ओली बाळंतीण मी. आडवी झाले. तोंडात माती, मांड्यांवरून रक्त. उठले ते खड्ड्यासाठी आणलेलं खोरं घेऊनच. पहिला घाव त्याच्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज आला. मग कुलपावर. एक, दोन, तीन. तुटलं. कुणी आडवं आलं नाही. मी खड्डा खणला, सासूनं बाळ माझ्या हातात दिलं, आणि भिंतीच्या आत, सगळ्यांच्या रांगेत त्याला पुरलं.

चर्चच्या मंडळीनं यादीतून आमचं नाव कमी केलं. पाळक घरी आले, पश्चात्ताप कर म्हणाले. येशूला मी सोडलेलं नाही. कारभाऱ्याचा हात वाकडाच जुळलाय. तो मी मोडला, या हातांनी, शुद्धीत असताना. त्याचा जाब मी देईन. कोर्टात देईन, देवापुढंही देईन. पण मी जन्मायच्या आधी कुणी काय केलं, त्याचा जाब मी देणार नाही. आणि माझ्या लेकराकडं तो जाब पुन्हा कुणी मागायला आला, तर त्याचाही हात मोडीन.