पंपावरची रेघ

पाना उचलण्याआधी तो छिन्नीच्या टोकानं एक रेघ ओढायचा. अर्धी डिझेल पंपावर, अर्धी इंजिनवर. "पयले निशाणी, मंग पाना." पंप केसभर फिरवला तरी इंजिनात डिझेल पडण्याची वेळ बदलते, चुकलं तर परतायला रेघ हवी.

असे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील, ज्यांचं नाव गॅरेजच्या पाटीवर कधीच नसतं. हा रिठदचा, बौद्ध शेतमजुराचा मुलगा. शेलूबाजारच्या गॅरेजात मी कॉम्प्युटर जोडून टायमिंगचा आकडा वाचायचो, तो पंप फिरवायचा. मी आकडा सांगायला लागलो की इंजिनवर तळहात टेकवून म्हणायचा, "काहून घाई करून राह्यला? तापू दे त्याले. थंडं इंजन खोटं बोलते."

एकदा तो सुट्टीवर होता. मालकाचा भाचा आमचा इन्चार्ज. मिस्त्रीनं मागच्याच महिन्यात लावून नव्यानं रेघ ओढलेला एका जीपचा पंप त्यानं थंड इंजिनवरच फिरवला. मी म्हणालो, "तापू द्या." तो म्हणाला, "तू आकडा वाच."

दोन दिवसांनी जीप पांढरा धूर ओकत परत आली. मिस्त्री कामावर आला होता. इन्चार्जनं गिऱ्हाइकासमोर त्याच्याकडे बोट केलं. "स्क्रीन वाचता येत नाही अन् कॉम्प्युटरच्या गाडीला हात लावतात. तुमच्या लोकांनी गाड्या धुवाव्यात."

तुमच्या लोकांनी. हे दोन शब्द मी माफ केलेले नाहीत. करणारही नाही.

मिस्त्रीनं फडकं इन्चार्जपुढं केलं. "पुसा साहेब. तुमच्याच हातानं."

पंपावरचं तेल पुसलं गेलं. रेघेचे दोन तुकडे नखभर अंतरावर उभे होते.

"हादऱ्यानं सरकला असेल."

"बोल्ट तं आवळेल हायेत. हादऱ्यापाशी पाना होता काय?"

गिऱ्हाईक हसलं. पंप कुणी फिरवला ते मी मोठ्यानं सांगितलं. इन्चार्जचा तेव्हाचा चेहरा आठवला की मला आजही गोड लागतं.

मालक म्हणाला, "जाऊ दे मिस्त्री, लावून दे परत."

त्यानं छिन्नी फडक्यात गुंडाळली. "निशाणी तिथंच हाय. ज्याले वाचता येते त्यानं लावावं."

तो परत आला नाही. पुण्याकडे गेला म्हणतात. मीही ते गॅरेज सोडलं.

पण अधूनमधून समोरच्या टपरीवर मी मुद्दाम चहाला बसतो. मिस्त्रीच्या हातची एखादी जीप येते, बोनेट उघडतं, गिऱ्हाईक विचारतं, "मिस्त्री कुठी हाय?" इन्चार्ज फडकं घेऊन वाकतो आणि तेलाखालची ती रेघ शोधू लागतो.