फ्रान्सिसच्या दहाव्याचा कावळा

मला सांगा, विश्वास कोणावर ठेवायचा? धर्मातलं सगळं कळतं म्हणणाऱ्यांवर, की नौपाड्यात स्टीलची भांडी विकणाऱ्या माझ्यासारख्यावर? घाई करू नका. मी काय माती खाल्ली ते आधी ऐका. डोकं अजून तापलेलं आहे, आवाज चढला तर समजून घ्या.

माझ्या दुकानाला लागून फ्रान्सिसचं शिंप्याचं दुकान. कोलशेतचा ख्रिश्चन माणूस, मराठी माझ्यापेक्षा तिखट. वर्षानुवर्षं दुपारचा डबा आम्ही एकत्र खाल्ला. माझ्या घरचा वरणभात त्याला, त्याच्या फिलोमिनाचं सुकट मला. तो गेला. चर्चमध्ये सगळं रीतसर झालं, पण माझ्या घशाखाली भात उतरेना. म्हटलं, दहाव्याला कावळ्याला एक घास ठेवू. फिलोमिनावहिनींना विचारलं.

"ठेवा भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरचा भात ना? त्याला बरं वाटेल."

जिची परवानगी हवी तिची मिळाली. पण बाकीचे कुठले गप्प बसायला!

त्यांच्या शेजारचे जोशी जिन्यातच आडवे आले. "अहो शेठ, परधर्मीयाचे विधी करू नयेत. आत्मा भरकटतो. करणाऱ्याला त्रास होतो."

मागून वहिनींचे भाऊ, वसईचे बस्त्यावमामा. "बरोबर बोलतात हे. आमच्या माणसावर तुमचे मंत्र चालवू नका. घराला बाधा होते."

बघा कमाल! तोवर एकमेकांना नमस्कारही न केलेली दोन माणसं मला अडवायला एक झाली!

माझं टाळकंच फिरलं. "मंत्र मला येतच नाहीत! पत्रावळीवर भात आहे, वर तूप आहे. ज्याला बाधा होईल त्याने घरी जाऊन झोपावं!"

झोपतायत कसले! सगळे माझ्यामागून गच्चीवर. जोशी नुकसान बघायला, मामा पहारा द्यायला. मामांनी फ्रान्सिसच्या एकुलत्या एक लेकीसाठी, शेरलसाठी, मुलगा बघितलेला. त्याची आई भेटायला आलेली, तीही वर.

पान ठेवलं. कावळे टाकीवर बसलेले, पण एकही खाली येईना. आपल्यात कावळा शिवेना तर काय करतात? गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून मोठ्याने शब्द देतात. मी हात जोडले.

"फ्रान्सिस, तुझं मशीन भंगारात जाऊ देणार नाही!"

कावळे ढिम्म.

"वहिनींना एकटं पडू देणार नाही!"

एकाने तर चक्क पाठ फिरवली.

मागून जोशी, "शिवणारच नाही. तो आपल्यातला नाहीच ना!"

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. फ्रान्सिस आपल्यातला नाही? आता या कावळ्याला आणल्याशिवाय मी गच्ची सोडत नाही! छाती भरून ओरडलो, "फ्रान्सिस, शेरलला लग्न नाही करायचं, कॉन्व्हेंटात जाऊन नन व्हायचंय ना? होऊ दे! कोणी आडवं येणार नाही! माझा शब्द!"

आणि आला हो कावळा! सरळ पानावर!

"शिवला! शिवला!" मी नाचलोच. वळून बघतो तर गच्चीवर माझ्याशिवाय कोणीच खूश नाही.

ती गोष्ट फ्रान्सिसने मला डबा खाताना शपथ घालून सांगितलेली. शेरल आईला नाताळानंतर, हळूहळू सांगणार होती. मुलाच्या आईने पर्स उचलली आणि जिना गाठला. शेरलने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा शिव्या परवडल्या. वहिनी मटकन खाली बसल्या. "नवरा गेला, आता पोरगी पण?"

आणि जोशींचा चेहरा काय फुललेला! "मी म्हटलं नव्हतं? परधर्मीयाचा विधी! झालं ना नुकसान!"

"अगदी!" मामा.

मी तोंड उघडणार, तोच वहिनींनी पदराने डोळे पुसले. "गप बसा दोघं. भातानं कोणाचं काय केलं? कावळा खाऊन उडाला पण. केलं ते या भाऊंच्या तोंडानं." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, पुढच्या वर्षी पण भात घेऊन या. पण तोंडाला टाके घालून या."

मायलेकींचं अजून मिटलेलं नाही. रडतात, भांडतात, पुन्हा बोलतात. आणि जोशी? भेटेल त्याला ऐकवत सुटलेत, परधर्मीयाच्या विधीने घर कसं मोडलं ते! ऐकलं की रक्त उसळतं माझं. तुमच्यापर्यंत पोचलंच, तर एवढं करा, हिशेब प्रामाणिक मांडा. नुकसानीच्या खात्यात फ्रान्सिसचा धर्म घालू नका, माझा घालू नका, कावळ्याला तर मुळीच नको. तिथे एकट्या माझ्या जिभेचं नाव लिहा.